पंडिता रमाबाई आणि दिव्यातले तेल

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका निघत आहे, तेव्हा तुम्हीही एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्या, असा आपल्या चिटणीसबाईंचा मला आग्रह झाला. मी काही लेखिका नव्हे. आयुष्य शाळेत मुलींना शिकवण्यात गेले. फळ्यावर लिहिण्याची सवय, कागदावर लिहिण्याची नाही. परंतु नाव सुचायला मला क्षणाचाही वेळ लागला नाही. पंडिता रमाबाई.

नाव सांगितल्यावर एकदोघी भगिनी जराशा थबकल्या, हेही मी पाहिले. रमाबाईंनी धर्म बदलला, ही गोष्ट आपल्या समाजाच्या मनातून अद्याप पुरती गेलेली नाही. आपल्या मंडळात सर्व धर्मांच्या भगिनी आहेत, आणि मी स्वतः ख्रिस्ती आहे. म्हणून मी आधीच सांगून टाकते की, कोणाला माझ्या धर्माकडे ओढावे यासाठी हा लेख नाही. एका प्रश्नाचे उत्तर मला लहानपणापासून हवे होते आणि ते या बाईंच्या चरित्रात मिळाले, एवढेच सांगायचे आहे.

तो प्रश्न असा. आमच्या शास्त्रात दहा कुमारींचा दाखला आहे. लग्नघरी वराची वाट पाहत दहा मुली दिवे घेऊन बसतात. पाच जणींनी जादा तेल बरोबर आणलेले असते, पाच जणींनी नसते. वराला उशीर होतो, सगळ्यांना झोप लागते, आणि मध्यरात्री वर आल्याची हाक येते. ज्यांचे तेल संपलेले असते त्या दुसरींकडे तेल मागतात. त्या देत नाहीत. मग या तेल विकत आणायला बाजारात धावतात, तोवर दार बंद होते. प्रभू ख्रिस्त पुन्हा येणार आहे आणि त्यासाठी आपण सिद्ध असले पाहिजे, असा या दाखल्याचा अर्थ आम्हांला लहानपणी शिकवला जाई.

माझे माहेर धुळ्याचे. माझी आजी १९०० सालच्या दुष्काळातली. त्या काळात आपण कशा जगलो ते आपल्यालाच ठाऊक नाही, असे ती म्हणे. घरात विजेचे दिवे आले तरी आजी रोज तिन्हीसांजेला कंदिलाची काच राखेने पुसायची, वात कातरायची आणि तेल भरून कंदील दाराशी ठेवायची. धनी रात्री-अपरात्री येईल, असे तिचे कारण. मला मात्र त्या कंदिलाची भीती वाटे. दार बंद होईल आणि मी बाहेर राहीन, असे वाटून मी रात्री दचकून उठत असे. शिवाय त्या पाच शहाण्या मुलींचा मला राग येई. थोडे तेल दिले असते तर काय बिघडले असते? आपल्या खानदेशात शेजारणीने वाटीभर तेल मागितले तर कोणी नाही म्हणत नाही. मग ज्या मुलींनी नाही म्हटले, त्यांना शास्त्राने शहाण्या का म्हणावे?

पुढे मी मॅट्रिकच्या वर्गात असताना आमच्याकडे एक उपदेशक आले. त्यांनी काही आकडेमोड करून प्रभूच्या येण्याचे वर्षच सांगून टाकले. माझे वडील भाविक आणि भोळे. त्यांनी माझा परीक्षेचा फॉर्म भरायचे थांबवले. जग संपतच आहे तर फी कशाला भरायची, असा त्यांचा विचार. मी रडून रडून थकले. आजी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने आपल्या हातातल्या पाटल्या सराफाकडे नेऊन मोडल्या आणि माझी फी भरली. मग वडिलांपुढे बायबल उघडून धरले आणि तो दिवस व ती घटका कोणाला ठाऊक नाही असे ज्या अध्यायात लिहिले आहे, तो अध्याय त्यांनाच वाचायला लावला. ती स्वतः वाचायला शिकली होती मूलबाळ झाल्यावर, सुवार्ता सांगत फिरणाऱ्या एका बाईंकडून. दुसऱ्याने वाचून सांगितले ते खरे कशावरून, ज्याने त्याने आपल्या डोळ्यांनी वाचावे, असे तिचे सांगणे असे. आणि हे आपल्याला पंडिता रमाबाईंमुळे कळले, असेही ती म्हणे. त्या दिवशी मी रमाबाईंचे नाव पहिल्यांदा लक्ष देऊन ऐकले.

आता चरित्राकडे वळते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात, कर्नाटकातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान. स्त्रियांना संस्कृत शिकवू नये असा त्या काळचा दंडक. परंतु शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले. लोकांचा विरोध झाला तेव्हा ते रानात आश्रम करून राहिले. रमाबाईंना आईने शिकवले. पहाटे उठून, घरची कामे सुरू व्हायच्या आधी, आई मुलीकडून श्लोक म्हणवून घेई. पुढे कर्ज झाले, आश्रम सुटला, आणि हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी पायी फिरू लागले. भागवताचे हजारो श्लोक रमाबाईंना मुखोद्गत होते.

मग दक्षिणेत दुष्काळ पडला. शास्त्रीबुवांना अंगमेहनतीचे काम ठाऊक नाही आणि भीक मागण्याची लाज. साठवलेले होते ते देवकार्यात आणि दानधर्मात संपले. १८७४ मध्ये वडील गेले, पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही गेली. आई-वडिलांना भुकेने झिजताना त्या सोळा वर्षांच्या मुलीने पाहिले. भगिनींनो, रमाबाईंच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची मुळे मला या प्रसंगात दिसतात. विद्या होती, पण ऐनवेळी पोट भरेल असा एकही धंदा हाती नव्हता.

रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री उपासतापास काढीत, उत्तरेकडे पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. एवढा मान त्यापूर्वी कोणा स्त्रीला क्वचितच मिळाला असेल. परंतु मान मिळतो तिथे सुख टिकते असे नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी विवाह केला. ते जातीने शूद्र मानले गेलेले, आणि विवाह नोंदणी पद्धतीचा. दोन्हीकडच्यांनी नावे ठेवली. १८८१ च्या एप्रिलमध्ये मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने पती गेले. चोवीस वर्षेही पुरी झाली नव्हती आणि पदरी दहा महिन्यांची मुलगी.

त्या काळची विधवा म्हणजे काय, हे खानदेशच्या बायकांना सांगणे नलगे. आपल्या जळगावच्या बहिणाबाई चौधरी तिशीतच विधवा झाल्या. त्यांच्या पाठीशी शेत होते, घर होते, तरी किती सोसले. रमाबाईंना तर ना शेत ना घर.

त्या पुण्यास आल्या. १८८२ च्या जूनमध्ये त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. आज आपण ज्याला महिला मंडळ म्हणतो त्याचा तो मूळपुरुष. की मूळस्त्री म्हणावे? त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि मुलींसाठी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार झाल्या पाहिजेत असे आग्रहाने मांडले. आपणही डॉक्टर व्हावे या इच्छेने त्या १८८३ मध्ये मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. जाण्याच्या खर्चासाठी त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहून विकले होते. कान अधू होऊ लागल्यामुळे डॉक्टर होण्याचा बेत सोडावा लागला.

इंग्लंडमध्ये वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात त्या राहिल्या. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची तेथील भगिनी सेवा करीत होत्या. हे करावे असे यांना का वाटते, हा प्रश्न रमाबाईंना पडला, आणि त्याचा शोध घेत घेत २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात मोठाच क्षोभ झाला. आपली म्हणून जिच्यावर अभिमान ठेवला ती दूर गेली, याचे दुःख लोकांना झाले; ते दुःख खोटे नव्हते, असे मी ख्रिस्ती असूनही म्हणते. मात्र कोणाच्या दडपणाने त्यांनी हे केले असे म्हणणारे रमाबाईंना ओळखत नाहीत. ज्या मिशनरी भगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीही धर्ममताबद्दल त्या पत्रांतून निर्भयपणे भांडल्या. दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे त्यांच्या स्वभावातच नव्हते.

१८८६ मध्ये त्यांच्या नात्यातल्या आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियास डॉक्टर झाल्या, त्या समारंभासाठी रमाबाई अमेरिकेस गेल्या. पदवीदान ११ मार्च रोजी झाले. पुढे १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गावोगाव व्याख्याने दिली. त्यातून बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. दहा वर्षे मदत देण्याचे तिने कबूल केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला; त्याच पुढे आनंदीबाई, म्हणजे बाया कर्वे. विधवांच्या शिक्षणाचे कर्व्यांचे एवढे मोठे कार्य झाले, त्याचा एक धागा या शारदा सदनापर्यंत जातो.

सदन १८९० मध्ये पुण्याला आले. तिथे १८९३ मध्ये वादळ उठले. धर्माच्या बाबतीत सदनात ढवळाढवळ होणार नाही असे वचन होते. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, आणि काही मुली येऊन बसू लागल्या. हा वचनभंग आहे असे लोकांना वाटले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सदनाचे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे, माझ्या घरात माझ्या देवाचे नाव मी दार लावून का घ्यावे? दोन्ही बाजूंनी काही खरे होते. ज्या बाईच्या शब्दाने, वागण्याने मुली इतक्या भारून जातात, तिचे उघडे दारही एक प्रकारचे बोलावणेच ठरते, हे पालकांचे भय मला समजते. आणि आपली श्रद्धा चोरून ठेवायची नाही हा रमाबाईंचा हट्टही समजतो. असो.

याच सुमाराची आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. बाप्तिस्मा होऊन आठ वर्षे झाली, तेव्हा, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंच्या ध्यानात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त काही भेटलेला नाही. पंडिता, सरस्वती, समुद्रापलीकडे गाजलेली वक्ती. पण आपला दिवा पेटता नाही, हे तिने स्वतःशी कबूल केले आणि पुढे जगालाही लिहून सांगितले. नाव आहे, दिवा आहे, पण तेल नाही. दहा कुमारींपैकी मागे राहिलेल्यांची हीच तर गत होती. हे वेळेवर ओळखणे म्हणजेच सिद्धतेचा आरंभ.

आता केडगाव. असोसिएशनची दहा वर्षांची मुदत १८९८ मध्ये संपणार, पुढे संस्थेने कोणाच्या तोंडाकडे पाहावे? म्हणून रमाबाईंनी आधीच पुणे-दौंड रेल्वेवर केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन विहिरी खणल्या आणि फळबाग लावली होती. उत्पन्न आपल्या हातचे असावे, हा हेतू. पण त्या जमिनीवर फळांआधी माणसेच आली. १८९६ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. आई-वडिलांची भूक रमाबाईंना विसरली नव्हती. त्या तिकडे गेल्या, आणि पैसा हाती नसताना सुमारे तीनशे बायका-मुलींना घेऊन आल्या.

मध्यप्रांतातून केडगावला यायचे तर आगगाडीचा रस्ता भुसावळ, जळगाव, चाळीसगाव, मनमाड, दौंड असाच. जळगाव स्टेशनवर उभी राहिले की माझ्या डोळ्यांपुढे त्या मुली येतात. हाडांचे सापळे, केसांच्या जटा, अंगावर चिंध्या. कोणाला नेले जात आहे हे ठाऊक नाही, कोठे हेही ठाऊक नाही. पुण्यात तेव्हा प्लेगची साथ, त्यामुळे इतक्या जणींना शहरात ठेवण्यास सरकारी बंदी. म्हणून केडगावच्या उघड्या माळावर तंबू आणि गवताच्या झोपड्या उभ्या राहिल्या. १८९८ मध्ये त्याचेच मुक्ती सदन झाले. १८९९-१९०० चा दुष्काळ आपल्या खानदेशावर कोसळला तसाच गुजरातेवरही कोसळला. रमाबाईंनी तिकडूनही शेकडो मुली आणल्या. त्या काळात सदनात सुमारे दोन हजार जीव होते. दोन हजारांचा एका वेळचा स्वयंपाक म्हणजे काय, हे आपण बायकांनीच समजावे.

पण मला सांगायचे आहे ते पुढचेच. रमाबाईंनी या मुलींना नुसते जेवू घातले नाही. पहिल्या दिवसापासून अक्षर शिकवले आणि हाताला काम दिले. कोणी मागावर बसली, कोणी शेतात गेली, कोणी दूधदुभते पाहू लागली, कोणी परटिणीचे काम शिकली, कोणी शिवण. एका मुलीने तर भांड्यांना कल्हई लावण्याचा धंदा उत्तम शिकून घेतला. कोणी घाणीवर गोडे तेल काढायला शिकल्या. ज्या जरा पुढे गेल्या त्या मागच्यांना शिकवू लागल्या. फसवल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. अंध मुलींना मनोरमाबाई ब्रेल लिपी शिकवीत. डोळे नसलेलीनेही आपल्या बोटांनी स्वतः वाचावे, ही जिद्द.

या घाणीची हकीगत मी वाचली तेव्हा माझा लहानपणचा प्रश्न सुटला. आपल्या जळगाव-धुळ्याकडे भुईमूग, तीळ, करडई. तेलाची घाणी आपण सगळ्यांनी पाहिलेली. दाणे भरडल्याशिवाय तेल निघत नाही, आणि ज्या वेळी दार वाजते त्या वेळी घाणी लावून उपयोग नाही. शहाण्या मुलींनी तेल दिले नाही ते कद्रूपणाने नव्हे. काही गोष्टी देताच येत नाहीत. भाकरी वाटता येते, लुगडे वाटता येते. वाचायची विद्या, हाताचे कसब, मनाचा धीर आणि देवाशी असलेले नाते उसने देता येत नाही. म्हणून रमाबाईंनी वाटीभर तेल देण्यावर न थांबता प्रत्येकीला घाणीवर बसवले. दार बंद होईल म्हणून रडत बसण्यापेक्षा जितक्या जणींचे दिवे भरता येतील तितके भरून ठेवावे, अशी त्यांची वाट पाहण्याची रीत होती.

१९०५ साल मुक्ती सदनाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. त्या वर्षाच्या जानेवारीत रमाबाईंनी रोज प्रार्थनेसाठी एकत्र यायला सांगितले तेव्हा सत्तर जणी आल्या. जूनपर्यंत त्यांची संख्या साडेपाचशेवर गेली. २९ जूनच्या रात्री एका मुलीला आपल्याला जणू अग्नीने वेढले आहे असा अनुभव आला. पाहणारीलाही ती जळते आहे असे वाटून ती पाण्याची बादली आणायला धावली, अशी हकीगत आहे. त्यानंतर अनेक दिवस मुली रडून आपले अपराध कबूल करीत, एकमेकींची क्षमा मागत. काही दिवस शाळेचे वर्गही मागे पडले. ही जागृती वेल्सपासून आसामच्या डोंगरांपर्यंत त्या काळी अनेक ठिकाणी झाली, आणि त्या लोकांत प्रभूच्या लवकर येण्याची अपेक्षा फार तीव्र होती.

अशा अपेक्षेत एक धोका असतो. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकरी उपदेशकाच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीखच धरली होती. काहींनी पिके शेतात तशीच सोडली. तो दिवस उजाडला आणि मावळला. हजारो लोक दुःखाने वेडेपिसे झाले. माझ्या वडिलांनी माझा फॉर्म थांबवला तो असाच. केडगावात मात्र त्या अग्नीनंतर मुलींनी पीक सोडले नाही. गटागटाने त्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागल्या, आणि रमाबाई स्वतः एका अत्यंत चिकाटीच्या कामात बुडून गेल्या.

ते काम म्हणजे संपूर्ण बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर. मराठी बायबल तेव्हा होतेच. परंतु त्याची भाषा सदनातल्या अडाणी मुलींना जड जाई. म्हणून पन्नाशीच्या आसपास रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. संस्कृतच्या या पंडितेने संस्कृतप्रचुर शब्द टाळून, खेड्यातल्या बाईला कळेल अशा मराठीत मूळ भाषांवरून भाषांतर केले. पंधरा वर्षांहून अधिक काळ ते चालले. सदनाच्याच छापखान्यात दुष्काळातून आलेल्या मुलींनी खिळे जुळवले आणि पाने छापली. दुसऱ्याने वाचून सांगावे आणि आपण मान डोलवावी, ही पाळी कोणा बाईवर येऊ नये, यासाठी ही खटपट. माझी आजी वडिलांपुढे पुस्तक उघडून धरू शकली, त्यामागे हीच शिकवण होती.

शेवटची वर्षे कठीण गेली. कानांनी ऐकू येईनासे झाले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई वारल्या. चाळीस वर्षांची कर्ती मुलगी, संस्थेचा भार जिने उचलायचा ती. पोटचे एकुलते एक लेकरू गेल्यावर आई पुन्हा टेबलाशी बसते आणि मुद्रिते तपासू लागते, हे मला फार मोठे वाटते. त्यांच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे की शेवटच्या मुद्रितांचे काम हातावेगळे झाले आणि थोड्याच वेळात त्या गेल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचे प्राणोत्क्रमण झाले. ते बायबल पुढे १९२४ मध्ये छापून पुरे झाले. ज्याची वाट पाहिली तो रमाबाईंच्या हयातीत मेघांवरून आला नाही. पण हाक आली तेव्हा त्यांच्या टेबलावर अर्धे टाकलेले काम नव्हते.

काही वर्षांपूर्वी मी केडगावला जाऊन आले. मुक्ती मिशनचे काम आजही चालू आहे. निराधार मुली आणि स्त्रिया तेथे राहतात, शिकतात. आवारात फिरताना मला सारखी आजीची आठवण येत होती. तिच्या कंदिलाची भीती मला कधीच उरली नाही. आजी तेल भरीत असे ते भयाने नव्हे, हे मला फार उशिरा कळले. पाटल्या मोडून तिने माझी फी भरली तेही त्याच कंदिलात तेल घालण्यासारखे होते. वडील उपदेशकाच्या तेलावर आपला दिवा लावू पाहत होते. आजीपाशी स्वतःचे होते. वडिलांनीही पुढे माझा निकाल लागला तेव्हा पेढे वाटले, आणि त्या वर्षाचा विषय आमच्या घरात पुन्हा कोणी काढला नाही.

भगिनींनो, प्रभू ख्रिस्त पुन्हा येईल अशी माझी श्रद्धा आहे. तुमच्यापैकी पुष्कळ जणींची नसेल. पण हाक तर प्रत्येकीला येणारच आहे, मग ती मृत्यूची असो, संकटाची असो, की दाराशी उभ्या असलेल्या एखाद्या निराधार मुलीची असो. आपल्या मंडळात शिवणवर्ग चालतो, प्रौढ साक्षरतेचा वर्ग चालतो. साक्षरतेच्या वर्गाला अलीकडे शिकवायला कोणी मिळत नाही असे चिटणीसबाई सांगत होत्या. माझे गुडघे दुखतात, जिने चढवत नाहीत. वर्ग खालच्या खोलीत घेता आला, तर येत्या सोमवारपासून मी येईन. येताना आजीचा कंदीलही आणीन म्हणते. त्याची काच अजून शाबूत आहे.